एचईडीपी खरंच २०० डिग्रीपर्यंत टिकतं का? कूलिंग टॉवरवाल्यांनो मदत करा

युटिलिटीवाला:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

कोकणातल्या एका एमआयडीसीत मध्यम आकाराचा केमिकल प्लांट आहे, मी युटिलिटी बघतो, म्हणजे बॉयलर, चिलर, कूलिंग टॉवर आणि कुठेही काही गळलं की तेही माझंच. टॉवरचं सर्क्युलेशन ताशी ६०० घनमीटर, सिस्टिममध्ये एकूण पाणी साधारण २५० घनमीटर, डेल्टा टी (टॉवरमध्ये पाणी किती डिग्री गार होतं ते) ६ च्या आसपास. मेकअप (उडालेलं पाणी भरून काढायला घेतो ते) नदीचं असल्यामुळे पाणी तसं मऊ, त्यामुळे इतकी वर्षं स्केलचा (ट्यूबवर बसणाऱ्या क्षारांच्या थराचा) त्रास कधी झालाच नव्हता. पाणी वाचवा म्हणून वरून आदेश आला आणि सीओसी (टॉवरचं पाणी मेकअपच्या किती पट घट्ट होऊ देतो तो आकडा) ५ वरून ८ वर नेला. त्यानंतर एका प्रॉडक्ट कूलरने डोकं खायला सुरुवात केली. प्रोसेस साइडला माल १६५ डिग्रीने येतो, पाणी शेलमध्ये आहे, यू ट्यूब बंडल, ट्यूब एसएस ३०४. बाकी सगळे एक्स्चेंजर ठीक आहेत, हा एकटाच कामातून जातोय. शटडाउनला बंडल बाहेर काढलं तर गरम टोकाच्या पहिल्या दोन बॅफलमध्ये (शेलमधल्या ट्यूब धरणाऱ्या पट्ट्यांमध्ये) पांढरट राखाडी कडक थर, नखाने निघत नाही, स्क्रू ड्रायव्हरने ठोकलं की अंड्याच्या टरफलासारख्या खपल्या पडतात. थंड टोकाला ट्यूब जवळपास स्वच्छ.

केमिकल सप्लायरचं म्हणणं, आमच्या प्रॉडक्टमध्ये एचईडीपी (स्केल बसू न देणारं फॉस्फोनेट जातीचं औषध) आहे, ते २०० डिग्रीपर्यंत स्टेबल आहे, हे बघा डेटाशीट, प्रॉब्लेम तुमच्या पाण्याचा. आमच्या प्लांट हेडचं म्हणणं, केमिकल उष्णतेने फुटतंय, 'हाय टेम्परेचर' वालं आणा. दुसऱ्या पार्टीने तसं काहीतरी दाखवलंय, भाव दुपटीच्या वर. परचेसवाला माझ्याकडे बघतोय आणि मी डेटाशीटकडे.

तर त्या २०० डिग्रीचा अर्थ नक्की काय घ्यायचा? आणि हे दुप्पट भावाचं घेऊन खरंच फरक पडेल का?

---

निवृत्त केमिस्ट:

भाऊ, आधी सांगतो की नुसतं '२०० डिग्रीपर्यंत स्टेबल' या वाक्याला काही अर्थ नाही. किती वेळ ठेवलं, पाण्यात किती पातळ करून ठेवलं, पीएच किती होता, ऑक्सिजन किंवा क्लोरीन होता का, हे सांगितल्याशिवाय तो आकडा म्हणजे नुसती शोभा. बहुतेक ठिकाणी असे आकडे घट्ट प्रॉडक्ट किंवा कोरडं मीठ तापवून काढलेले असतात. तुमच्या टॉवरमध्ये ते दोन चार पीपीएम असतं आणि आठवडाभर फिरत राहतं. ही वेगळीच परीक्षा आहे.

आणि दुसरं, स्केल इन्हिबिटरची जी नेहमीची बाटलीतली टेस्ट सगळे दाखवतात, ती नेसची (गंजावर काम करणाऱ्या तज्ज्ञांची संस्था), त्यात बाटल्या ७१ डिग्रीला २४ तास ठेवतात. कॅल्शियम कार्बोनेट आणि सल्फेटसाठी निवड करायला ती चांगली आहे, पण तुमच्या कूलरच्या भिंतीवर काय होईल ते त्यातून कळत नाही.

आता तुम्ही काही गोष्टी बघून सांगा म्हणजे अंदाजाने बोलावं लागणार नाही. खपली चिमूटभर घ्या, परीक्षानळीत सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाका. फसफसली तर कार्बोनेट. न फसफसता गपचूप विरघळली तर फॉस्फेटचा संशय. विरघळलीच नाही तर सल्फेट किंवा सिलिका. टॉवरच्या पाण्याचा ऑर्थो फॉस्फेट (सुटा झालेला) आणि टोटल फॉस्फेट (औषधात बांधलेला धरून सगळा) दोन्ही वेगवेगळे काढा, टोटलसाठी परसल्फेट आणि ॲसिड घालून अर्धा तास उकळायचं, उगाच घाई करू नका. ऑर्थो एकदा तसाच आणि एकदा ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून. मेकअपचा ऑर्थो पण काढा, हे कोणी काढत नाही. आणि क्लोरीन कसा सोडता ते सांगा. टॉवरमध्ये सक्रिय एचईडीपी किती ठेवायचं ठरलंय तेही.

---

बाष्पक:

धागा चांगला आहे, वाचनखूण साठवली.

मी साखर कारखान्यात बॉयलरवर असतो, कूलिंगचं मला फारसं कळत नाही पण उष्णतेने केमिकल फुटणं काय असतं ते आमच्याकडे येऊन बघा. ४५ किलो प्रेशरला ड्रममध्ये २५७ डिग्री, को-जनचा (वीजही बनवणारा) ६७ किलोचा बॉयलर असेल तर २८३ च्या आसपास. तिथे हेक्सामेटा फॉस्फेट टाका नाहीतर ट्रायपॉली टाका, साखळी तुटून ऑर्थो होतोच, आणि आम्हाला तो हवाच असतो. ऑर्थो झाला, अल्कली भरपूर आहे, मग कॅल्शियमला धरून मऊ गाळ होतो, तो ब्लोडाउनने (थोडं घट्ट पाणी बाहेर सोडून) काढून टाकायचा. म्हणजे तुमच्याकडे जे झालं की बोंब, तेच आमच्याकडे घडवून आणतात. फक्त ते ड्रममध्ये घडायला हवं. एका ठिकाणी पॉलिफॉस्फेटचं डोसिंग फीड लाइनला दिलेलं बघितलंय, फीड वॉटर १०५ डिग्री, थोडी हार्डनेस निसटली की डोसिंगच्या तोंडाशीच दगड तयार. पाइप कापून काढावा लागला होता.

पाण्यातला ऑक्सिजन काढणाऱ्या औषधांचं पण तसंच. सोडियम सल्फाइट स्वस्त आणि मस्त, १ पीपीएम ऑक्सिजनला हिशोबाने जवळपास ८ पीपीएम लागतं, पण ६० किलोच्या पुढे गेलं की ते स्वतःच फुटायला लागतं, सल्फर डायऑक्साइड, हायड्रोजन सल्फाइड असले वायू वाफेबरोबर निघतात आणि कंडेन्सेट आंबट होतं. म्हणून मोठ्या प्रेशरला हायड्राझिन आलं, तेही गरम झालं की अमोनिया सोडतं आणि शिवाय कॅन्सरची भीती. आता कार्बोहायड्राझाइड नाहीतर डीईएचए.

अवांतर होईल पण सांगतोच, आमच्या बॉयलरचा सगळ्यात मोठा उष्णतेने फुटणारा पदार्थ म्हणजे साखर. साखर शिजवायच्या पॅनवरून कंडेन्सेटमध्ये साखर आली की ड्रममध्ये ती फुटून ॲसिड होतात, पीएच धाडकन खाली, पाणी चहासारखं, आणि तुम्ही भारीतलं इन्हिबिटर टाकलेलं असो नाहीतर नसो. सीझनमध्ये पोरं अल्फा नॅफ्थॉल घालून सल्फ्युरिक नळीच्या कडेने सोडतात, जांभळी रिंग दिसली की कंडेन्सेट आधी गटारात, चौकशी मागाहून.

---

युटिलिटीवाला:

काका, आज लॅबमध्ये बसून सगळं काढून घेतलं. लॅबवाली पोरगी वैतागली होती पण केलं बिचारीने.

खपली ॲसिडमध्ये फसफसली नाही. एक दोन बुडबुडे आले असतील नसतील, पण पाचेक मिनिटांत जवळजवळ सगळी विरघळली, तळाशी थोडा मातकट गाळ.

टॉवर: टोटल फॉस्फेट ७.७, ऑर्थो ६.२ पीपीएम. गाळून घेतलं तर ऑर्थो ४.९. पीएच ८.४, कॅल्शियम हार्डनेस ३०० च्या थोडी वर, क्लोराइड २५०.

मेकअपचा ऑर्थो ०.५ निघाला आणि मी चाट पडलो, आमच्या नदीच्या पाण्यात तो एवढा नसतो. मग लक्षात आलं की कॉलनीच्या एसटीपीचं (सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचं) ट्रीट केलेलं पाणी आता टॉवरच्या मेकअपमध्ये मिसळतात, तेही पाणी वाचवा मोहिमेतलंच.

क्लोरीन म्हणजे हायपो (सोडियम हायपोक्लोराइट), दिवसातून दोनदा शॉक, तेव्हा फ्री क्लोरीन १ च्या वर जातो. एचईडीपी ड्रमच्या खपावरून हिशोब केला तर टॉवरमध्ये साधारण ४ पीपीएम सक्रिय यायला हवं. सप्लायरचा माणूस महिन्यातून एकदा येतो, तो फक्त टोटल फॉस्फेट बघतो आणि 'डोस छान आहे साहेब, उलट कमी करता येईल' म्हणून चहा पिऊन जातो.

---

निवृत्त केमिस्ट:

हे बघा, आता सगळं उघडं पडलं.

१ पीपीएम एचईडीपी पूर्ण फुटलं तर ०.९२ पीपीएम फॉस्फेट देतं, रेणूभार २०६ आणि त्यात दोन फॉस्फरस, १९० भागिले २०६, साधा हिशोब. म्हणजे तुमच्या ४ पीपीएममधून जास्तीत जास्त ३.७ येऊ शकतो, एकूण एक रेणू फुटला तरी. तुमच्याकडे ऑर्थोच ६.२ आहे. मग बाकीचा कुठून? मेकअपचे ०.५ गुणिले ८ सायकल, ४.०. चार अधिक ३.७ म्हणजे ७.७, तुमचा टोटल. हिशोब इतका चोख जुळतोय की मलाच जरा संशय येतोय, फिल्डवर असं जुळत नाही सहसा, पण दिशा पक्की आहे.

म्हणजे टोटलमधला अर्ध्याहून जास्त फॉस्फेट सांडपाण्याचा आहे आणि तुमचा सप्लायर त्याला स्वतःचं औषध समजून डोस कमी करा म्हणतोय. खरं जिवंत एचईडीपी किती, तर टोटल वजा ऑर्थो, १.५ फॉस्फेट, म्हणजे १.६ पीपीएम. चारपैकी दीड उरलंय, साठ टक्के गेलंय.

आता ते कशाने गेलं? प्लांट हेड म्हणतात उष्णतेने. मला नाही पटत. त्या कूलरमधून पाणी काही सेकंदांत निघून जातं, आणि भिंतीला चिकटून जाणारा पाण्याचा पापुद्राच काय तो गरम होतो. एचईडीपीचा कार्बन-फॉस्फरसचा बंध असल्या उष्णतेला, असल्या वेळात, बधत नाही. पॉलिफॉस्फेटमधला फॉस्फरस-ऑक्सिजन-फॉस्फरस असता तर गोष्ट वेगळी होती, तो पाण्यानेच तुटतो आणि गरम केलं की भराभर तुटतो. तुमच्याकडचा चोर म्हणजे हायपो, आणि त्याला मोकळीक दिलीय मुक्कामाच्या वेळाने. २५० घनमीटर पाणी, बाष्पीभवन तासाला सव्वासहा धरा, सीओसी ५ ला ब्लोडाउन होतं दीडच्या वर, ८ ला होतं ०.९. हाफ लाइफ म्हणजे ०.६९३ गुणिले आकारमान भागिले ब्लोडाउन. पूर्वी पावणेपाच दिवस होता, आता आठ दिवस. टाकलेलं औषध आठ दिवसांनीसुद्धा निम्मं टॉवरमध्येच, रोज दोनदा हायपोचा मार खात. कुठलंही फॉस्फोनेट घ्या, एवढ्यात झिजणारच. एटीएमपी (त्याच जातीचं दुसरं फॉस्फोनेट) असतं तर याहून लवकर गेलं असतं, त्यातला नायट्रोजन क्लोरीनला आयताच सापडतो.

उष्णतेचं काम त्यापुढे सुरू होतं. तुम्ही गाळलेला आणि न गाळलेला ऑर्थो दिलात, ६.२ आणि ४.९, म्हणजे १.३ पीपीएम कॅल्शियम फॉस्फेट आत्ताच पाण्यात कणकण होऊन तरंगतोय. हे मीठ गरम पाण्यात कमी विरघळतं, म्हणून ते जिथे सगळ्यात गरम भिंत मिळेल तिथे जाऊन बसतं. पाणी ४२ डिग्रीने बाहेर पडतंय म्हणून आपण निश्चिंत असतो. पण माल १६५, पाणी ४०, दोन्ही बाजूंचा अडथळा सारखा धरला तरी ट्यूबची भिंत मधोमध येते, शंभरच्या पुढे. त्या भिंतीवर कार्बोनेट म्हणा, फॉस्फेट म्हणा, सगळ्यांचा हिशोब वेगळा. लँगेलिअर इंडेक्स (कार्बोनेट बसेल का ते सांगणारा आकडा) काढताना ४२ टाकू नका, भिंतीचं तापमान टाकून बघा, आकडा बघून दचकाल.

म्हणून माझ्या लेखी 'टेम्परेचर स्टॅबिलिटी' या नावाखाली दोन वेगळे प्रश्न कोंबलेत. रेणू टिकतो का, हा एक. आणि रेणू टिकूनसुद्धा त्या तापमानाला कामाला पुरतो का, हा दुसरा. सप्लायर पहिल्याचं उत्तर देतो, तुमची अडचण दुसऱ्याची आहे.

एक शंका मात्र राहते. एचईडीपी जास्त टाकलं आणि कॅल्शियम भरपूर असलं की कॅल्शियमचं फॉस्फोनेटच खाली बसतं, तेही गरम भिंतीवर, आणि तेही ॲसिडमध्ये असंच गपचूप विरघळतं. म्हणून डोस डोळे झाकून वाढवू नका.

---

आखातातला कोकणी:

काकांनी चोख सांगितलंय. पॉलिफॉस्फेटचा विषय निघालाच आहे तर आमच्याकडचा इतिहास सांगतो, कारण उष्णतेने इन्हिबिटर फुटण्याचं याहून मोठं उदाहरण माझ्या बघण्यात नाही.

मी मूळचा रत्नागिरीकडचा, आखातात डिसॅलिनेशनला आहे, एमएसएफ प्लांट. समुद्राचं पाणी तापवून टप्प्याटप्प्याने कमी प्रेशरला फ्लॅश करायचं, वाफ थंड करून गोडं पाणी. यात सगळा खेळ वरच्या टोकाच्या तापमानाचा, ज्याला टॉप ब्राइन टेम्परेचर म्हणतात. ते जितकं जास्त तितकं तेवढ्याच प्लांटमधून पाणी जास्त. पण समुद्राच्या पाण्यातला बायकार्बोनेट तापला की फुटतो, कॅल्शियम कार्बोनेट बसतं, आणखी तापवलं की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड. सुरुवातीच्या काळात पॉलिफॉस्फेट टाकायचे, आणि ते ९० डिग्रीच्या पुढे जमत नसे. पुढे गेलं की साखळी तुटून ऑर्थो, ऑर्थोचा कॅल्शियमबरोबर चिखल, ट्यूब चोंदल्या. मग ९० च्या वर जायचं तर सल्फ्युरिक ॲसिड टाकून बायकार्बोनेटच मारायचा, त्याने १२० पर्यंत जाता येतं, पण पीएचवर लक्ष जरा हललं की गंज. ट्यूब वाचवायची का पाणी वाढवायचं, हे भांडण तिथे कायमचं.

त्यातून सुटका केली पॉलिमॅलेइक ॲसिडच्या जातीच्या औषधांनी. त्यात फॉस्फरसच नाही त्यामुळे फुटून ऑर्थो व्हायची भानगडच नाही, आणि १०५ ते ११० डिग्रीला दोन तीन पीपीएमवर काम होतं. तरीसुद्धा कोणी केमिकलवर विसंबून बसत नाही, सोबत स्पंजचे गोळे ट्यूबमधून फिरवत राहतात, आत बसायला लागलेला थर पुसून काढायला. आणि १२० च्या पुढे मात्र कॅल्शियम सल्फेट उभा असतो, तो ॲसिडलाही ऐकत नाही.

आपल्याकडे कल्पाक्कमला भाभा अणुसंशोधन केंद्राचा जो प्लांट आहे त्यातही एमएसएफ आहे, दिवसाला ४५०० घनमीटरचा, सोबत आरओ. ट्रॉम्बेच्या लोकांनी यावर बरंच काम केलंय.

सांगायचा मुद्दा, 'हाय टेम्परेचर' औषध म्हणून तुम्हाला दुसरी पार्टी जे देतेय त्यात पॉलिमॅलेइक असेल तर ते चांगलंच असतं, पण ते कार्बोनेटचं औषध आहे. तुमच्याकडे फॉस्फेट बसतोय. आजार वेगळा, गोळी वेगळी.

---

ड्रमविक्या:

मी केमिकल विकणाऱ्यांतला, त्यामुळे दगड मारायचे तर मारा, पण आतलं सांगतो.

टोटल फॉस्फेटवर डोस बघणं ही आमच्या धंद्यातली जुनी सवय, कारण किट स्वस्त आणि दहा मिनिटांत काम. नदीचं पाणी होतं तोवर ते चालून जायचं. एसटीपीचं पाणी आलं की ते आंधळं होतं. तुमच्या माणसाला सांगा, ऑर्गॅनिक फॉस्फेट दाखव, म्हणजे टोटल वजा ऑर्थो, आणि पॉलिमर वेगळा मोजून दाखव नाहीतर पुढच्या महिन्यात येऊ नको.

औषध बदलायचंच असेल तर दोन गोष्टी बदला. एचईडीपीच्या जागी पीबीटीसी (आणखी एक फॉस्फोनेट), ते क्लोरीनला जास्त टिकतं आणि कॅल्शियम जास्त असलं तरी खाली बसायची तक्रार कमी. आणखी एक फायदा, १ पीपीएम पीबीटीसी फुटलं तरी ०.३५ च फॉस्फेट देतं, म्हणजे मेलं तरी घाण कमी. भाव अर्थातच जास्त. दुसरं, सल्फोनेटेड कोपॉलिमर, एएमपीएस नावाचा सल्फोनेट घटक असलेलं. साधं पॉलिॲक्रिलेट फॉस्फेटला धरून ठेवण्यात कमी पडतं, हे कोपॉलिमर मुख्यतः त्याच कामासाठी आहे. तुम्हाला दोनांपैकी एकच घेता येत असेल तर हे घ्या, पीबीटीसी नंतर बघू. तुमच्या सध्याच्या प्रॉडक्टमध्ये झिंक आहे का तेही बघा. पीएच ८.४ आणि भिंत शंभर डिग्री म्हटल्यावर झिंक पण तिथेच फॉस्फेट होऊन चिकटतं. खपलीच्या ॲनालिसिसमध्ये झिंक निघाला तर नवल वाटायला नको.

पण खरं सांगू का, औषधाच्या आधी एक रुपया खर्च न करता होणारी कामं आहेत. हायपोचा शॉक बंद करून सतत थोडा थोडा सोडा, फ्री क्लोरीन ०.२ ते ०.५, ओआरपीवर (पाण्याची ऑक्सिडीकरणाची ताकद मोजणाऱ्या मीटरवर) लावता आला तर उत्तम. हायपो आणि इन्हिबिटर टॉवरमध्ये नेमके कुठे पडतात ते जाऊन बघा, फोटो टाकला तरी चालेल. आणि त्या कूलरच्या पाण्याचा व्हॉल्व्ह किती उघडा आहे?

---

युटिलिटीवाला:

ड्रमविक्या भाऊ, तुम्ही आमच्या प्लांटला येऊन गेलात की काय.

आत्ता जाऊन बघून आलो. हायपोचा कॅन आणि इन्हिबिटरचा ड्रम एकाच चौथऱ्यावर, दोन्ही डोसिंग पंपांच्या नळ्या बेसिनच्या एकाच कोपऱ्यात सोडलेल्या, मधे वीतभर अंतर. तिथलं पाणी पण संथ, पंपाची सक्शन पार दुसऱ्या बाजूला. म्हणजे १२ टक्क्यांचा हायपो आणि घट्ट इन्हिबिटर पहिल्यांदा एकमेकांनाच भेटतात, पाण्याला नंतर.

व्हॉल्व्ह चार आणे उघडा. माल फार गार झाला की पुढे पंपाला जड जातो म्हणून ऑपरेटर आउटलेट चेपून ठेवतात. शेलमध्ये वेग काय राहत असेल ते देव जाणे. झिंक आहे, ड्रमवर लिहिलंय.

आता बंडल उघडंच आहे तर साफ कशाने करू? आमचा मेंटेनन्सवाला हायड्रोक्लोरिकची टाकी भरायला निघालाय, खपली त्यात विरघळली ना म्हणतो.

---

निवृत्त केमिस्ट:

त्याला आधी थांबवा. ट्यूब एसएस ३०४ आहेत. परीक्षानळीत खपली विरघळवणं वेगळं आणि स्टेनलेसवर क्लोराइडचं ॲसिड फिरवणं वेगळं, पिटिंग होऊन बसेल. सल्फॅमिक ॲसिड घ्या, ५ ते १० टक्के, इन्हिबिटरसकट. आणि ते ६० डिग्रीच्या वर तापवू नका. जास्त तापलं की सल्फॅमिक पाण्याने फुटून त्यातून सल्फेट बाहेर येतो, मग तुमच्या विरघळलेल्या कॅल्शियमला धरून कॅल्शियम सल्फेट, आणि ते कुठल्याच ॲसिडने निघत नाही. औषधाच्या उष्णतेबद्दल विचारायला आलात आणि साफ करायच्या औषधालाही तोच रोग आहे. पन्नासच्या आसपास ठेवा, फिरवत राहा, ॲसिडची ताकद टायट्रेट करत राहा, पडायची थांबली की काम झालं. नंतर न्यूट्रलाइज करून धुऊन घ्या.

त्याहून महत्त्वाचं, बंडल बाहेर आहे तोवर गरम टोकाच्या ट्यूबवर डाय पेनिट्रंट (चिरा दाखवणारा रंग) मारून घ्या, खास करून यू बेंडजवळ आणि बॅफलच्या भोकांपाशी. ३०४ ला क्लोराइड आणि ६० डिग्रीच्या वरची भिंत मिळाली की स्ट्रेस कोरोजन क्रॅकिंगची टांगती तलवार असतेच. पाण्यात क्लोराइड २५० दिसतोय, पण त्या थराखाली पाणी उकळून सुकत राहतं, तिथे किती पटीने वाढला असेल ते मोजायची सोय नाही. स्केलमुळे हीट ट्रान्सफर कमी झाला हे नुकसान दिसतं. थराखाली चिरा पडतात ते एक दिवस माल टॉवरमध्ये आल्यावरच कळतं.

---

आखातातला कोकणी:

व्हॉल्व्हचं मीच बोलणार होतो. पाणी चेपून तापमान सांभाळायची ही सवय सगळीकडे आहे, आमच्याकडेही. पाणी पूर्ण सोडा आणि मालाच्या बाजूने बायपास द्या, म्हणजे काही माल कूलरला न जाता सरळ पुढे आणि मिसळून हवं ते तापमान. इन्स्ट्रुमेंटवाल्याला एक कंट्रोल व्हॉल्व्ह लागेल तेवढाच. पाण्याचा वेग वाढला की भिंत आपोआप खाली येते. भिंत वीस डिग्रीने जरी उतरली तरी कुठल्याही महागड्या औषधाच्या दुप्पट काम होईल, हे मी लिहून देतो.

---

बाष्पक:

बायपासचं +१. एसटीपीचं पाणी टॉवरऐवजी बगीच्याला आणि फ्लशिंगला वळवता येत नाही का? फॉस्फेट झाडांना तरी चालतो.

---

युटिलिटीवाला:

एसटीपीचं पाणी वळवायचं मी सुचवलं, पण पर्यावरण विभागाच्या रिपोर्टमध्ये 'टॉवरमध्ये पुनर्वापर' असं लिहून गेलंय त्यामुळे ते काही लगेच बंद होणार नाही. मधला रस्ता म्हणून एसटीपीत फेरिक (लोखंडाचा क्षार) डोस करून फॉस्फेट तिथेच खाली बसवायचा विचार चाललाय.

हायड्रोक्लोरिकची टाकी रिकामी करायला लावली, सल्फॅमिक मागवलंय. पेनिट्रंटवाला परवा येतोय. हायपोची नळी सक्शनच्या बाजूला टर्ब्युलन्समध्ये नेली, इन्हिबिटर रिटर्न लाइनला देतोय, त्याला पीव्हीसी पाइप आणि दोन क्लॅम्प एवढंच लागलं. प्लांट हेडना काकांचा ७.७ वाला हिशोब कागदावर करून दाखवला, त्यांना पटला, दुप्पट भावाची फाइल सध्या बाजूला ठेवलीय. बायपासला मात्र प्रोसेसवाले नाक मुरडतायत, त्यांना मालाच्या लाइनला हात लावलेला आवडत नाही.

सप्लायरला एएमपीएस कोपॉलिमरचं विचारलं तर तो म्हणाला 'आहे ना साहेब, आधीपासूनच आहे'. आता हे खरं का खोटं कसं ओळखायचं?

---

ड्रमविक्या:

असू शकेल, पण टक्का किती ते विचारा आणि लेखी घ्या. तो म्हणेल फॉर्म्युला गुप्त आहे. मग सोपं करा, तुमच्याच टॉवरचं पाणी बाटलीत घ्या, ऑर्थो ठरावीक लेव्हलला आणा, कॅल्शियमही तेवढंच, पीएच ८.४, त्यात त्याचं प्रॉडक्ट नेहमीच्या डोसला घालून ७० डिग्रीच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवा. सोबत एक बाटली प्रॉडक्ट न घालता, आणि जमलं तर एक दुसऱ्या पार्टीच्या सॅम्पलची. सकाळी गाळून ऑर्थो काढा. जितका ऑर्थो गाळलेल्या पाण्यात शिल्लक, तितका पॉलिमर कामाचा. तुमच्या लॅबवालीला आता हे सगळं पाठ झालंच असेल. एक मात्र करा, एक बाटली ताज्या प्रॉडक्टची ठेवा आणि एक अशी की ज्यात प्रॉडक्ट आधी चार दिवस हायपोबरोबर ठेवलंय, आणि ओव्हनमध्ये घालायच्या आधी त्या बाटलीचा ऑर्थो पण मोजून तुमच्या लेव्हलवर आणा, नाहीतर तुलना चुकेल. सप्लायर पहिलीचा रिझल्ट दाखवतात, तुम्ही दुसरीचा मागा.

---

युटिलिटीवाला:

चार दिवस हायपोबरोबर म्हणजे फ्री क्लोरीन किती ठेवू? टॉवरला शॉकच्या वेळी १ च्या वर जातो तेवढाच, की सरासरी?

---

ड्रमविक्या:

०.५ धरा आणि रोज सकाळ संध्याकाळ मोजून कमी झाला तितका भरा. बाटली अंधारात ठेवा, उन्हात क्लोरीन उडतो.